बकासुर म्हणण्याआधी

सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण, अशी गुजरातीत एक म्हण आहे. दोन्ही गोष्टी नशिबात असाव्या लागतात म्हणे. काशीचं पुढचं पुढे बघू, सुरतेचं जेवण मात्र मी पोटभर जेवलो आहे. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे गेली त्याला वीसेक वर्षं झाली. नवरा मूळचा खानदेशातला, सुरतेच्या कापडधंद्यात नोकरीला. अशी खानदेशी घरं सुरतेत उधना, लिंबायत भागात खूप आहेत. ही मंडळी मात्र काही वर्षांपूर्वी शहर सोडून कामरेजला राहायला गेली.

कामरेज म्हणजे तापीकाठचं तालुक्याचं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तिथूनच जातो. एके काळी हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होता. आता चार रस्त्याच्या आजूबाजूला उंच उंच इमारती झाल्यात आणि त्यांत बरीचशी सौराष्ट्रातून हिऱ्याच्या कामासाठी आलेली कुटुंबं राहतात. इमारती संपल्या की ऊस सुरू होतो. जवळच नवी पारडीला सहकारी साखर कारखाना आहे. गाळपाचे दिवस असले की उसाच्या गाड्यांमागे आपली गाडी अडकलीच म्हणून समजा.

दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो तो नेमका चंदनी पडव्याच्या दिवसांत. आपल्याकडे कोजागिरीचं दूध पिऊन झालं की संपलं. सुरतेत दुसऱ्या दिवशी, म्हणजे आश्विन वद्य प्रतिपदेला, खरा सण असतो. सगळं शहर रात्री गच्चीवर नाहीतर उघड्यावर चटया टाकून बसतं आणि घारी खातं. ही घारी म्हणजे आपल्या भोपळ्याच्या घाऱ्या नव्हेत. आत मावा, पिस्ता, बदाम, वेलची आणि वरून थिजलेल्या तुपाचा जाड पांढरा थर. एक खाल्ली तरी जेवण झाल्यासारखं वाटतं. सोबत भुसू, म्हणजे तिखट फरसाणाची मिसळ, कारण एवढं गोड नुसतं उतरत नाही. तात्या टोप्यांच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून एका सुरती हलवायाने ही पहिल्यांदा केली, अशी कथा तिथे सांगतात.

तर त्या रात्री गच्चीवर आम्ही वीस-पंचवीस जण होतो. डबे फिरत होते. बहिणीने सगळ्यांना वाढलं, आग्रह केला, माझ्या ताटलीत दुसरी घारी बळेच ठेवली. स्वतः मात्र एक तुकडाही घेतला नाही. “माझा आज उपास,” म्हणाली. शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, बघा, केवढा निग्रह. मलाही कौतुक वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं आश्चर्यही वाटलं, कारण लहानपणी आम्ही भावंडं तिला काय म्हणायचो ते मला आठवत होतं.

रात्री दोनच्या सुमारास तहान लागली म्हणून उठलो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. आत अंधार आणि फ्रीजच्या दाराच्या फटीतून येणारा तेवढाच उजेड. ती फरशीवर बसली होती. मांडीवर घारीचा डबा. घाईघाईने खात होती, चावतसुद्धा नव्हती. मी काही बोलणार एवढ्यात म्हणाली, “दादा, दिवा लावू नको.”

मी दिवा लावला नाही. पाणीही प्यायलो नाही. तसाच परत येऊन पडलो आणि सकाळपर्यंत जागा राहिलो.

हे सगळं तिच्या परवानगीने लिहितो आहे. तीच म्हणाली, नाव-गाव ओळखू येणार नाही असं बघ आणि लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उसाच्या शेतांच्या बाजूने बरंच लांब चालत गेलो. चालताना माणसं समोरासमोर नसतात, त्यामुळे बोलणं सोपं जातं. ती म्हणाली, हे गेली पंचवीस वर्षं चालू आहे. आठवड्यातून दोनदा, तीनदा. दिवसभर व्यवस्थित असते. सकाळी चहा, दुपारी अर्धी पोळी, नाहीतर कसला ना कसला उपास. रात्री सगळे झोपले की काहीतरी होतं आणि मग हातात येईल ते. शिळा भात, बिस्किटांचे पुडे, मुलीच्या डब्यासाठी आणलेलं फरसाण, साखरसुद्धा. भूक नसते. चवही लागत नाही. पोट दुखायला लागतं तरी थांबता येत नाही. मग पुडे कागदात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी. मग रडणं. मग उद्यापासून कडक उपास.

“सुरुवात कधी झाली?” मी विचारलं. विचारायला नको होतं, कारण उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. तेराव्या वर्षी ती अंगाने भरली, तेव्हा आजोळी चवथीला जमलेल्या आम्हा पोरांनी तिचं नाव बकासुर ठेवलं. नाव कुणी शोधून काढलं ते मी इथे कबूल करतो, मीच. त्या वर्षी नेवऱ्यांच्या डब्याला तिने हात लावला नाही. घरच्यांना वाटलं पोर शहाणी झाली. चवथ संपून सगळे आपापल्या घरी गेल्यावर एका दुपारी तिने उरलेल्या सगळ्या नेवऱ्या एकटीने खाल्ल्या. तो पहिला दिवस.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या भाषेत अशा माणसासाठी शब्द किती आहेत बघा. खादाड, अधाशी, हावरट, खा-खा सुटलेला, पोटात राक्षस शिरलेला. सगळे शब्द एक तर शिवीचे नाहीतर थट्टेचे. आजाराचा एकही नाही. दारूच्या बाबतीत निदान आता परिस्थिती वेगळी आहे. गोव्यात ‘बेबदो’ म्हणून हसणारे अजून आहेतच, पण बेबद्याला व्यसन आहे, त्याला उपचार लागतो, हे आता गावच्या तिंट्यावरही लोक मान्य करतात. खाण्याबद्दल मात्र आपण अजून एकच औषध देतो, मनावर ताबा ठेव.

डॉक्टरी शास्त्रालाही हे ओळखायला वेळ लागला, हे खरं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड यांनी 1959 साली लिहून ठेवलं की काही रुग्ण थोड्या वेळात प्रचंड खातात आणि नंतर त्यांना आत्यंतिक अपराधी वाटतं. 1979 साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचं वर्णन केलं. त्यात माणूस असंच खातो आणि मग ओकून, जुलाबाची औषधं घेऊन नाहीतर उपाशी राहून ते ‘फेडायला’ बघतो. पण न ओकता नुसतं खात राहणाऱ्यांचा आजार, बिंज ईटिंग डिसऑर्डर, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून आला तो थेट 2013 साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. त्याच्या खुणा वाचल्या तेव्हा मला ते कामरेजचं स्वयंपाकघरच दिसलं. थोड्या वेळात खूप खाणं आणि थांबता न येणं. भराभर खाणं, भूक नसताना खाणं, पोट तडीला लागेपर्यंत खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं. आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने. बहिणीची पंचवीस वर्षं झाली होती. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हा आजार असलेला प्रत्येक माणूस जाडा नसतो आणि प्रत्येक जाड्या माणसाला हा आजार नसतो. पुरुषांनाही होतो. तेव्हा शेजाऱ्याच्या पोटाकडे बघून निदान करू नका.

मग याला ‘अन्नाचं व्यसन’ म्हणायचं का? बहिणीने स्वतः तोच शब्द वापरला. “दादा, दारुड्याला दारू तसं मला गोड.” शब्द जुना आहे. थेरन रँडॉल्फ नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी तो 1956 साली एका लेखात वापरला. गंमत अशी की त्यांच्या यादीत मका, गहू, कॉफी, दूध, अंडी, बटाटे असले पदार्थ होते. 2009 साली येल विद्यापीठात अ‍ॅशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी दारू-गर्दच्या व्यसनाचेच निकष खाण्याला लावून 25 प्रश्नांची एक प्रश्नावली केली. ठरवलं त्याहून जास्त खाता का, सोडायचा प्रयत्न करूनही सुटत नाही का, त्रास होतोय हे कळूनही चालूच राहतं का, अशा धर्तीचे प्रश्न. 2016 साली ती सुधारून 35 प्रश्नांची झाली. आणि जेव्हा बिंज ईटिंगच्या लठ्ठ रुग्णांना ही प्रश्नावली दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जण तिच्या हिशेबाने ‘व्यसनी’ ठरले. म्हणजे दोन्ही वर्तुळं एकमेकांत बरीच शिरलेली आहेत, पण एक नाहीत. आजही ‘अन्नाचं व्यसन’ हा अधिकृत यादीत आजार म्हणून नाही. बिंज ईटिंग आहे.

व्यसन म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. आजचं पाकिटातलं खाणं पूर्वीच्या खाण्यासारखं नाही. 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं, अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, तंतू, मीठ यांचं प्रमाण जुळतं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं होतं. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. तेव्हा दोष नुसता खाणाऱ्याचा, हे म्हणणं टिकत नाही. व्यसन या शब्दाचा आणखी एक फायदा आहे. तो ऐकला की माणूस स्वतःला ‘वाईट’ समजायचा थांबतो आणि ‘आजारी’ समजायला लागतो. माझ्या बहिणीला या शब्दाने तेवढा तरी आधार दिला होता.

पण याच शब्दात एक सापळाही आहे आणि तो सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. व्यसन म्हटलं की उपाय आपोआप ठरतो. सोडून दे. दारू सोडतात तसं गोड सोड, भात सोड, रात्रीचं जेवण सोड. अमेरिकेत 1960 साली दारुड्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या धर्तीवर ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस निघालं. त्याने कित्येकांना सोबत दिली आणि सोबतीचं मोल मी कमी लेखत नाही. पण दारू सोडून माणूस जगतो, अन्न सोडून जगत नाही. दारुड्याला दुकानाचा रस्ता टाळता येतो. खाण्याच्या रोग्याला दिवसातून तीनदा त्याच दुकानात जावं लागतं, आणि घरची बाई असेल तर दुकान तिलाच चालवावं लागतं!

आणि ‘सोडणं’ हाच या आजाराचा अर्धा भाग असला तर? दुसरं महायुद्ध चालू असताना मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात लढायला नकार दिलेले 36 धडधाकट तरुण स्वतःहून त्यात आले. 1945 साली सहा महिने त्यांना जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवलं. उपाशी युरोपला पुन्हा जेवू कसं घालावं हे शोधायचं होतं. ही पोरं दिवसरात्र खाण्याबद्दलच बोलायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. उपासमार संपल्यावर त्यांतले काही जण असे खात सुटले की पोट फुटायला आलं तरी भूक भागेना. यांच्यात आधी कुणी खादाड नव्हतं. उंदरांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अव्हेना यांनी उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग अन्न आणि साखरेचं पाणी दिलं. ते उंदीर व्यसनी असल्यासारखे वागायला लागले. हा प्रयोग ‘साखर म्हणजे गर्द’ असं सांगायला लोक उठसूट वापरतात. पण ज्या उंदरांपुढे साखरेचं पाणी चोवीस तास होतं ते तसे वागले नाहीत, हे सांगायचं राहूनच जातं. म्हणजे नुसत्या साखरेने ते घडलं नाही. साखर अधिक उपास, अशी ती बेरीज होती.

जर्मनीतले योहानेस हेबेब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली सुचवलं की ‘अन्नाचं व्यसन’ म्हणण्यापेक्षा ‘खाण्याचं व्यसन’ म्हणावं. दोष एखाद्या पदार्थात शोधण्यापेक्षा वागण्याच्या चक्रात शोधावा. मला हे जास्त पटतं. चक्र कसं, ते बहिणीने उसाच्या बांधावर सांगितलंच होतं. उपास, झटका, शरम, पुन्हा उपास.

आपल्याकडे यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण पिढ्यान् पिढ्या हसत हसत म्हणतो आहोत. त्यात मानसशास्त्राचा अख्खा धडा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. श्रावणभर शिवराक राहिल्यावर पहिल्या दिवशी बाजारात नुस्त्यांवर कशी उडी पडते ते गोव्याच्या माणसाला सांगायला नको. बहुतेकांच्या बाबतीत ही गंमतच असते. एक दिवस जास्त जेवतो, दुपारी झोप काढतो, संपलं. मी उपासाच्या विरुद्ध नाही. माझी आई आयुष्यभर सोमवार करत आली आणि तिला त्याने शांतीच मिळाली. पण ज्याच्या डोक्यात हे चक्र एकदा बसलं आहे त्याच्यासाठी उपास म्हणजे काडेपेटी. आणि वाईट भाग असा की आपल्याकडे ती काडेपेटी पुण्याच्या पुडीत बांधून मिळते. बहिणीने दोन सोमवारांचे चार वार केले, संकष्टी, एकादशी, गुरुवार. नवऱ्याला वाटलं बायको देवभोळी आहे. सासूला अभिमान वाटला. कुणी विचारलं नाही की देव मागतो त्याहून जास्त ही का देते आहे.

दुसरी गोष्ट आपल्या आग्रहाची. आपण पाहुण्याच्या पानात वाढतो, नको म्हणाला तर रागावतो, ‘माझी शपथ’ घालतो. आणि तोच पाहुणा हात धुवायला गेला की ‘काय सुटलाय बघ’ म्हणतो. एका तोंडाने खा, दुसऱ्या तोंडाने जाडी. लग्नाच्या मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच. तिच्यासमोर ताट वाढायचं आणि तिच्या कमरेवर डोळा ठेवायचा. मग ती सगळ्यांसमोर खायचं बंद करते, कारण सगळ्यांसमोर खाल्लं तर दिसतं. अंधारात दिसत नाही.

बहीण इतकी वर्षं गप्प राहिली आणि आता बोलली, याचं कारण तिची मुलगी. मुलगी तेव्हा चौदाची होती. गुजरातेत आषाढात कुमारिका गौरीव्रत करतात, पाच दिवस अळणी खातात. इमारतीतल्या मैत्रिणींबरोबर तीही करायची. त्या वर्षी पाच दिवस संपले तरी हिने मीठ धरलं नाही, मग पोळी सोडली, मग आरशासमोर उभी राहून पोट आत ओढून बघायला लागली. मैत्रिणी नवरात्रातल्या गरब्यानंतर खायला जायच्या, ही घरी यायची. “माझं झालं ते झालं,” बहीण म्हणाली, “पण ती माझ्यासारखी अंधारात बसली तर?” हे म्हणताना ती रस्त्याच्या मधोमध थांबली होती. मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता.

त्यानंतर तिने नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा दोन दिवस गप्प होता, मग स्वतःच तिला सुरतेतल्या एका मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिला वाटलं होतं डॉक्टर आणखी एक डाएट लिहून देतील. त्यांनी उलटच सांगितलं. तीन वेळा जेवायचं, मध्ये दोन वेळा थोडं काहीतरी, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर नको. झटका येऊन गेला तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवायचा नाही. काय खाल्लं, कुठे, तेव्हा मनात काय होतं ते वहीत लिहायचं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या विचार-वर्तन उपचारांचा पाया हाच आहे आणि बिंज ईटिंगवर आज हे उपचार पहिल्या पसंतीचे मानले जातात. काही रुग्णांना औषधंही देतात, ते डॉक्टरांनी ठरवायचं. भूक मारणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा सध्या गाजावाजा आहे. 2025 साली ती भारतातही बाजारात आली. लठ्ठपणावर आणि मधुमेहावर त्यांचा उपयोग असेल, पण मैत्रिणीने घेतलं म्हणून मीही, असं करणाऱ्यांना एवढंच सांगेन की आधी आपला आजार कोणता ते तपासून घ्या.

तिला सर्वांत कठीण काय गेलं? सकाळचा नाश्ता. रात्री एवढं खाल्ल्यावर सकाळी पुन्हा खायचं म्हणजे पाप केल्यासारखं वाटायचं. आणि उपास सोडणं. सासूबाईंना काय सांगायचं? शेवटी सासूबाईंनीच मार्ग काढला. म्हणाल्या, तुझे सोमवार मी करते, तू जेव. माझ्या मते सगळ्या हकिगतीत शहाणपणाचं वाक्य ते एकच.

वाचकांपैकी कुणाला यात स्वतःचं घर दिसलं असेल तर सांगतो. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिथे जायला लाजू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे. आणि आपल्या गोव्याने या बाबतीत एक मोठी गोष्ट करून दाखवली आहे. ‘संगाथ’ ही 1996 साली गोव्यात सुरू झालेली संस्था. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना नीट प्रशिक्षण दिलं तर ती गावच्या आरोग्यकेंद्रात बसून दारूच्या आणि नैराश्याच्या रुग्णांना खरोखर मदत करू शकतात, हे त्यांच्या अभ्यासांनी सिद्ध केलं आणि 2017 साली ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने ते छापलं. दारूबद्दल आपण असं बोलायला शिकलो तर खाण्याबद्दलही शिकू. तशा माणसांची ताटाशेजारीही गरज आहे.

बाकी घरच्यांनी काय करायचं ते फार अवघड नाही. कुणाच्या ताटावर आणि अंगावर शेरे मारू नका, कौतुकाचेसुद्धा नकोत. ‘बारीक झालीस ग, छान दिसतेस’ हेही नको. तिच्या डोक्यात त्याचा हिशेब वेगळा लागतो. पुड्यांचे कागद सापडले तर पोलीस होऊ नका. कुलूप लावून हा आजार जात नाही, फक्त लपायची जागा बदलतो. आणि लहान मुलांना नावं ठेवू नका. महाभारतातल्या बकासुराला भीमाने एका दिवसात मारला. मी ठेवलेलं नाव पुसायला पंचवीस वर्षं पुरली नाहीत. माझ्या त्या एका नावानेच सगळं झालं असं मी म्हणत नाही, आजाराची मुळं अनेक असतात. पण त्यातलं एक मूळ मी लावलं हे मला नाकारता येत नाही. उसाच्या बांधावर मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “अरे, तू पोर होतास.” क्षमा केली की नाही ते बोलली नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

असो. अजून ती पूर्ण बरी झालेली नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी रात्र वाईट जाते. फरक एवढाच की सकाळी ती मला फोन करते आणि मग नाश्ता करते. मुलीनेही पोळी पुन्हा धरली आहे.

मागच्या चंदनी पडव्याला मला जायला जमलं नाही. रात्री अकराला बहिणीचा फोन आला. मागे गच्चीवरचा गलका ऐकू येत होता. म्हणाली, “दादा, एक घारी खाल्ली. इथेच बसून, सगळ्यांबरोबर.” मी विचारलं, “कशी होती?” ती थोडा वेळ थांबली. “तूप जास्त होतं रे,” म्हणाली. “इतकी वर्षं कळलंच नव्हतं.”